सासवडचे माळी आणि चैत्रातला दवणा

सासवडच्या माळ्यांनी नगर जिल्ह्यात ऊस आणला, असं आमच्या भागात इतक्या वेळा म्हटलं गेलंय की ते खोडून काढायचाही आता कंटाळा येतो. ऊस इथे त्यांच्या आधीही होता. विहिरीवर, मोटेच्या पाण्यावर, घरच्या गुळापुरता. माळ्यांनी आणला तो कालव्यावरचा ऊस. जमीन खंडानं घ्यायची, कर्ज काढून लागण करायची, पेंड घालून वाढवायचा, गुऱ्हाळ लावून गूळ विकायचा. मी त्याच माळ्यांच्या तिसऱ्या पिढीतला. राहाता तालुक्यात वाढलो, शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झालो. उसाबद्दल बोलायला आमच्याकडे माणसांची वाण नाही. मला सांगायचंय ते उसापायी आमच्या घरानं सोडलेल्या एका पिकाबद्दल. ते पीक म्हणजे दवणा.

दवणा म्हणजे वीत-दीड वीत, फार तर गुडघ्याएवढं वाढणारं झुडूप. पानं बारीक चिरलेली, राखेरी हिरवी, वरून चंदेरी लव. माघ-फाल्गुनात शेंड्यांवर पिवळे बारीक ठिपके दिसतात, तीच त्याची फुलं. शास्त्रात त्याचं नाव आर्टेमिसिया पॅलेन्स. कूळ सूर्यफुलाचं, म्हणजे शेवंती, झेंडू, कारळा, करडई ही सगळी त्याची भावकी. ज्वारीच्या कडेनं जनावरं आत शिरू नयेत म्हणून काटेरी करडईचे तास घालायची आमच्या जिल्ह्याची जुनी पद्धत. त्याच करडईची पेंड पुढे कालव्यावरच्या उसाला पडायची. याच कुळातलं गाजरगवत गेल्या सत्तर वर्षांत बांधाबांधावर बोलावल्याशिवाय येऊन बसलं. दवण्याला मात्र दरवर्षी बोलवावं लागतं, आणि तेही वेळेवर.

त्याचा एक रानटी भाऊबंद आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेच्या डोंगरांत आहे. नोकरीची पहिली काही वर्षं मी अकोले तालुक्यात राजूरला होतो. पाऊस ओसरला की रतनगडाच्या, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला पायवाटेच्या कडेनं पुरुषभर उंचीची झुडपं दिसायची. पान वरून गर्द हिरवं, उलटं केलं की पांढरं. चुरगाळलं की वास थेट दवण्याच्या घराण्यातला, पण उग्र. नाकाशी धरला तर डोकं जड करणारा. त्याला ढोरदवणा म्हणतात. सुट्टीला घरी येताना मी त्याची एक फांदी आजीसाठी आणली. आजीनं वास घेतला, फांदी देवघरात न नेता गोठ्याच्या आढ्याला खोचली आणि म्हणाली, “हा देवाचा न्हाई बाबा, हा रानाचा.” तिचा हा निकाल मला अजून बरोबर वाटतो. ढोरदवणा कोणी लावत नाही, त्याला कोणी पाणी घालत नाही, त्याची कोणी वाट बघत नाही. आणि ज्याची वाट बघावी लागत नाही, ते चैत्रात देवाला चालत नाही, असं जणू आपल्याकडच्या शास्त्रानंच ठरवलेलं आहे.

ते शास्त्र कुठून आलं हे सांगताना आमच्याच गोदाकाठावर यावं लागतं. शेवगाव तालुक्याच्या टोकाला उभं राहिलं की नाथसागराच्या पाण्यापलीकडे पैठण. पैठणचं एक भट्ट घराणं सोळाव्या शतकात काशीला गेलं. रामेश्वरभट्ट गेले, त्यांचे पुत्र नारायणभट्ट तिथे मोठे झाले, आणि त्यांच्याच वंशातल्या कमलाकरभट्टांनी 1612 साली ‘निर्णयसिंधू’ लिहिला. (शिवराज्याभिषेकाला आलेले गागाभट्ट तेही याच घराण्यातले.) कोणतं व्रत कोणत्या तिथीला, तिथी दोन दिवस असेल तर कोणता दिवस धरायचा, याचा निवाडा करणारा हा ग्रंथ. पुढे 1790 च्या सुमाराला पंढरपुरात काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी ‘धर्मसिंधू’ रचला आणि मराठी मुलखातल्या भटजींच्या हाती तो सोयीचा पडला. या ग्रंथांच्या चैत्र महिन्यात दमनकारोपण आहे, म्हणजे देवाला दवणा वाहण्याचा विधी. शुद्ध पक्षातल्या तिथ्या देवादेवांत वाटून दिलेल्या आहेत. तृतीया गौरीची, चतुर्थी गणपतीची, द्वादशी विष्णूची, त्रयोदशी कामदेवाची, चतुर्दशी शंकराची. आजही भिंतीवरच्या कालदर्शिकेत चैत्राच्या पानावर दमनोत्सव, दमनक चतुर्दशी असे बारीक अक्षरातले शब्द छापलेले असतात. ते वाचून किती जणांना काही आठवत असेल, कोण जाणे.

विधीतला मला आवडणारा भाग असा, की आदल्या दिवशी दवणा जिथे असेल तिथे जाऊन त्याची पूजा करायची, त्याला आमंत्रण द्यायचं, रात्रभर देवाजवळ ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी वाहायचा. त्या पूजेत दवण्यामध्ये मदनाचं आवाहन असतं. ज्या शंकरानं मदन जाळला त्याच शंकराला मदनाचं झुडूप वाहायचं, यात विसंगती आहे असं आपल्या पूर्वजांना वाटलं नाही, किंवा वाटली तरी ती त्यांना आवडली असावी. अग्निपुराणात वेगळीच कथा आहे. शंकराच्या कोपातून एक भैरव जन्मला, त्यानं देवांनाच दमवलं, तेव्हा शंकरानं त्याला ‘झाड हो’ म्हणून शाप दिला. ते झाड म्हणजे दमनक. शापाबरोबर उ:शापही आला: लोक तुझी पानं वाहून पूजा करतील.

ग्रंथ भटजींसाठी. आमच्यासारख्यांचा दवण्याशी संबंध आला तो खंडोबामुळे. जेजुरीला भंडाऱ्याइतकाच बेलाचा आणि दवण्याचा मान. तिकडे कोल्हापूरच्या जोतिबाला चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्या नाचतात तेव्हा गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा हवाच. शिखर शिंगणापूरची चैत्री यात्रा तर आमच्या मूळ गावच्या नावाशी जोडलेली. सासवडहून निघणारी भुतोजी तेल्याची कावड द्वादशीला मुंगी घाट चढते. साखळी करून, खांद्याला खांदा लावून कावड वर नेणारी ती माणसं पाहिली की धर्मसिंधूतली द्वादशी ही फक्त पंचांगातली तिथी राहत नाही. जत्रेहून परतणाऱ्याच्या फेट्यात दवण्याची काडी खोचलेली असायची. घरी आला की ती काडी देव्हाऱ्यात, देव्हाऱ्यातून वाळून पेटीत, नऊवारी लुगड्यांच्या घडीत. कसर लागू नये म्हणून. पेटी उघडली की पावसाळ्यातही चैत्राचा वास यायचा.

नगर जिल्ह्याचं खंडोबाशी नातं लहान नाही. पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठ्याचं कोरठण, कर्जतकडे शेगुड ही ठाणी आहेतच; पण त्याहून जवळचं नातं म्हणजे खंडोबाची बायको म्हाळसा नेवाशाची. तिम्माशेट वाण्याची ही लेक. नेवाशाच्या मोहिनीराजाच्या देवळाशी तिची कथा गुंतलेली. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली, तेच म्हाळसेचं माहेर. आमच्या आजीला याचं फार कौतुक. ती सासवड-जेजुरीच्या पुरंदर तालुक्यातली, म्हणजे देवाच्या मुलखातली, आणि नांदायला आली नगर जिल्ह्यात, देवीच्या माहेरी. “म्हाळसा हिकडून तिकडं गेली, मी तिकडून हिकडं आले. पर तिला तिकडं दवणा मिळाला, मला हितं चिपाडं,” असं ती म्हणायची. हसत म्हणायची, पण म्हणायची.

पुरंदर तालुक्याची जमीन हलकी, मुरमाड. पाऊस बेताचा. कऱ्हेच्या काठाला आणि विहिरींच्या भोवती जेवढं भिजेल तेवढीच बागायत. अशा ठिकाणी माळी थोड्या जागेत जास्त मोलाचं काय येईल ते बघतो: अंजीर, भाजीपाला, फुलं. जेजुरी हाकेच्या अंतरावर, म्हणजे दवण्याला गिऱ्हाईक दाराशी. आजीच्या माहेरी दवण्याचे चार वाफे ठरलेले असत आणि त्यांची कामं बायकांची. तिनं सांगितलेली रीत मी तिच्याच शब्दांच्या आधारानं लिहितो.

दवण्याचं बी इतकं बारीक की फुंकर लागली तर संपलं. दिवाळी झाली की ते फडक्यात बांधून पुरचुंडी दोन दिवस ओली ठेवायची. मग गाळलेल्या राखेत मिसळायचं, कारण नुसतं बी हातातून सारखं पडत नाही. एकीकडे ढीग, एकीकडे टक्कल. वाफ्याची माती चाळलेली, वर लेंडीखताची भुकटी. बी फेकल्यावर पाटानं पाणी द्यायचं नाही, वाहून जातं. हातानं शिंपडायचं, सकाळ-संध्याकाळ. थंडी पडली की रोप धरतं. थंडी आणि कोरडं ऊन ही दोन्ही त्याला हवीत. महिन्याभरानं रोपं उपटून चार-चार बोटांवर लावायची. पुढे खुरपणी, हलकं पाणी. महाशिवरात्रीच्या पुढेमागे कळी दिसते आणि वाफ्याजवळून जाणाऱ्याच्या धोतराला वास लागतो. या दिवसांत अवकाळी पाऊस झाला तर झाड जगतं पण वास धुऊन जातो, आणि वास गेलेला दवणा गिऱ्हाईक नाकाशी धरतं आणि खाली ठेवतं. सगळं साधलं तर चैत्र लागेपर्यंत कापणी, जुड्या बांधणं आणि पहाटे पाटीत घालून जेजुरी.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आजी शेवटी सांगायची. सगळा दवणा विकायचा नसतो. कडेची काही झाडं बियाण्याला ठेवायची. आणि ते बी त्याच साली दिवाळीनंतर पेरायचं. बाजरीसारखं कणगीत ठेवून दोन-तीन वर्षांनी काढलं तर उगवत नाही. एक साल चुकलं की घराचं बियाणं गेलं.

आता कालव्याकडे येतो. नीरेचा डावा कालवा 1885 साली सुरू झाला आणि बारामतीकडच्या कोरड्या जमिनीला पाणी आलं. पाणी आलं तरी ऊस घ्यायचा धीर आणि भांडवल गावच्या शेतकऱ्याकडे नव्हतं. ज्वारी-बाजरी करणारा माणूस एकदम आडसाली उसावर कर्ज काढेल कसा? ती जागा सासवडच्या माळ्यांनी घेतली. त्यांना बागायत कळत होती, खताची आणि पाण्याची मोजदाद कळत होती, आणि एकमेकांना जामीन राहायची रीत होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला दारणा धरणाचं पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीच्या दोन्ही कालव्यांत सुटलं, कोपरगाव-राहात्याकडची काळी जमीन भिजू लागली, तसे हे लोक इकडे सरकले. 1926 मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांवरही तेच झालं. माझे आजोबा या लोंढ्यात आले. बैलगाडीत नांगर, गुळाची कढई, दोन म्हशी आणि आजीच्या ओटीत दवण्याच्या बियांची पुरचुंडी.

ती पुरचुंडी इथे का फळली नाही, याचा मी बराच विचार केला आहे. आजी एकच कारण सांगायची: “हितली माती पाणी सोडत न्हाई.” खरंच आहे. इथली भुई काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी. कालव्याच्या पाण्यानं कित्येक रानं पुढे चिबड झाली, क्षार फुटून पांढरी पडली. हलक्या मुरमातल्या झाडाला ती मानवणार नाही. पण मला वाटतं माती हे अर्धंच कारण. दवण्याला रोज ओंजळभर पाणी लागतं, आणि कालव्याचं पाणी येतं पाळीनं. पाळी आली की रात्र असो की दिवस, रान तुडुंब भरून घ्यायचं. मग पुढच्या पाळीपर्यंत आभाळाकडे बघायचं. विहिरीवरचा माळी पाण्याचा धनी असतो, कालव्यावरचा पाण्याचा अर्जदार. त्यात आडसाली ऊस आषाढ-श्रावणात लावला की दीड वर्ष रान अडकलेलं. दिवाळीनंतर वाफा मोकळा हवा, तेव्हा ऊस कमरेला आलेला. आणि घरातल्या बायका, ज्यांच्या हातचं हे पीक, त्या ऐन माघ-फाल्गुनात गुऱ्हाळाच्या मजुरांच्या भाकऱ्या थापण्यात. आजीनं पहिली काही वर्षं परसात वाफा केला. एका वर्षी पेरायचंच राहून गेलं. पुरचुंडी संपली.

आजोबांना त्याचं फारसं काही वाटलं नसावं. त्यांची काळजी वेगळी होती. 1930 च्या मंदीत गुळाचे भाव पडले आणि कालव्यावरचे कितीतरी माळी बुडाले. सरकारनं 1932 साली साखरेला संरक्षण दिलं तसे कारखाने निघू लागले. त्याच वर्षी आमच्याच माणसांनी अकलूजजवळ सासवड माळी शुगर फॅक्टरी उभी केली. शेतकऱ्यांनी स्वत: काढलेला कारखाना म्हणून तिचं महत्त्व सहकाराच्या इतिहासात आधीचं आहे, हे प्रवरेकाठी बसून कोणी फारसं सांगत नाही, म्हणून मी सांगतो. इकडे हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगर, साकरवाडी असे खासगी कारखाने आणि त्यांनी खंडानं घेतलेल्या हजारो एकर जमिनी. 1950 साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा, 1963 चं शेती महामंडळ, कारखान्यांना जमिनी खंडानं दिलेल्या खंडकऱ्यांचे लढे, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. या साऱ्या इतिहासात चार वाफ्यांच्या दवण्याला जागा कुठून मिळणार? साखरेचे आकडे टनांत, दवण्याचा हिशोब जुड्यांत.

माझ्या लहानपणी तरी चैत्राचा दवणा घरी यायचा. आजीचा भाऊ जेजुरीहून पौर्णिमेनंतर आठवडाभरात कोणाबरोबर तरी जुडी पाठवायचा. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, अर्धी सुकलेली. आजी ती सोडायची, पाच काड्या देवाला, एक काडी स्वत:च्या अंबाड्यात, एक माझ्या आईच्या. उरलेल्या शेजारी वाटायची. शेजारणी इथल्याच, त्यांना ते काय आहे ते सांगावं लागे. शिर्डी आमच्यापासून जवळ. तिथे रामनवमीचा उत्सव 1912 पासून, त्याआधी 1897 पासून उरूस. चैत्रात लाखो माणसं येतात आणि गुलाब, शेवंती, झेंडूचे ढीग खपतात. जिल्ह्यातल्या फुलशेतीला या देवस्थानांनी हात दिला, यात शंका नाही. पण दवणा मागणारा तिथे नाही. पीक गिऱ्हाईकाच्या मागे जातं. रीत नसली की गिऱ्हाईक नसतं, आणि झाड दिसत नसलं की रीतही राहत नाही.

आज दवण्याचा मोठा व्यापार आपल्याकडे नाहीच. कर्नाटक, आंध्र, तामिळनाडूत शेतकरी तो तेलासाठी लावतात. फुलावर आला की कापून, सावलीत सुकवून, वाफेवर तेल काढतात, आणि ते परदेशातल्या अत्तरवाल्यांकडे जातं. त्यातल्या मुख्य सुगंधी द्रव्याला नावही दवण्यावरूनच मिळालं आहे, डॅव्हॅनोन. अत्तराच्या धंद्यातले लोक सांगतात की हे तेल प्रत्येकाच्या अंगावर निराळं उमलतं. असेल. आमच्या पुरंदरात मात्र तो अजून जुड्यांनीच विकला जातो, आणि मला ते जास्त पटतं.

एका गोष्टीचा मला राग आहे, तो लपवत नाही. चैत्रात काही देवळांतून ‘दमनोत्सव’ म्हणून फलक लागतो आणि देवाला वाहतात तुळस, फार तर मरवा. मरवा दवण्याच्या नात्यातलाही नाही, तो तुळशीच्या कुळातला. पुजाऱ्याला विचारलं तर “दवणा मिळतो कुठे?” असं उत्तर येतं. मिळत नाही हे खरं. पण विधीच मुळी सांगतो की आदल्या दिवशी दवण्याकडे चालत जा. ज्या गावाला उत्सवाचा फलक छापता येतो, त्याला एक वाफा लावता येऊ नये?

जिरायत नगर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडची हलकी माळरानं याला आमच्या काळ्या भुईपेक्षा बरी. आता ठिबक आहे, पाळीची वाट बघायची गरज नाही. कोरठणसारख्या ठिकाणी गिऱ्हाईकही आहे. आमच्या कालव्यावरच्या लोकांनाही कुंडीत मुरूम-वाळू मिसळून चार झाडं जगवता येतील. ज्यांना हौस असेल त्यांनी येत्या चैत्रात जेजुरीला गेल्यावर जुडी तर घ्यावीच, पण विकणाऱ्या बाईला बियाणं ठेवलंय का तेही विचारावं. दिवाळीनंतर फडक्यात ओलं करा, राखेत मिसळा, पाणी शिंपडून द्या. आणि बी त्याच सालचं आहे याची खात्री करून घ्या. गेल्या सालचं असेल तर पेरू नका.